दादाच्या छातीतली धूळ

माझा थोरला भाऊ वेरूळच्या अलीकडं एका खडी क्रशरवर कामाला होता. वडील गेल्यावर त्यानं आठवीतच शाळा सोडली, मला मात्र सोडू दिली नाही. मी शिकले, शहरातल्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवू लागले.

दादाला खोकला लागला तेव्हा गावातल्या डॉक्टरनं टीबी सांगितला. गोळ्यांचे दोन कोर्स झाले, खोकला हटेना. मीही दर दिवाळीला त्याला सुनावायचे, "लपून बिड्या ओढतोस तू." तो नुसता हसायचा. बिडी त्यानं कधी शिवलीही नव्हती.

जिना चढता येईना तेव्हा त्याला शहरात आणलं. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडावर धरला आणि विचारलं, "काम काय करता?" इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मला तर ते माहीत होतं, तरी खोकल्याशी मीसुद्धा कधी जोडलं नव्हतं.

"खडीवर हाय जी."

त्या मला समजावू लागल्या, "फुप्फुसात मॅक्रोफेज नावाच्या पेशी असतात…"

"मी शिकवते ते," मी म्हणाले. बाहेरून आलेलं काहीही गिळून टाकणारी पेशी, शरीराची राखण करणारी, असं मी दरवर्षी फळ्यावर काढत होते. जंतू गिळला तर ती तो विरघळवते. दगडाची बारीक धूळ तिला पचत नाही. ती मरते, धूळ मोकळी होते, मग दुसरी पेशी तीच धूळ गिळते आणि तीही मरते. जागोजागी व्रण धरतात, फुप्फुस आकसत जातं. धुळीबद्दलचं यातलं एकही वाक्य मी वर्गात कधी उच्चारलं नव्हतं.

दादा ऐकत होता. म्हणाला, "पचत नाय तर खातात कशाला ओ?"

"त्यांना दुसरं काही येत नाही," बाई म्हणाल्या. औषध नाही, हेही त्यांनी तिथंच सांगितलं.

धुळीनं आजारी पडलेल्या कामगारांना मिळणाऱ्या सरकारी मदतीसाठी कामाचा दाखला लागत होता. मी क्रशरच्या मालकाकडं गेले. मला नोकरी लागली तेव्हा यानं दादाच्या हातचे पेढे खाल्ले होते.

"आमच्याकडं तो कधी कामालाच नव्हता, मॅडम," तो म्हणाला. "टीबीच असंल. तुमच्या वस्तीत लई हाय तो."

मी उठून आले. भांडले नाही, याची लाज अजून वाटते.

दादा थंडीत वारला, तालुक्याच्या दवाखान्यात. कागदावर कारण लिहिलं होतं क्षयरोग. मी हरकत घेतली तर कारकून म्हणाला, "धुळीत कामाला होता याचा पुरावा आणा. तोवर बॉडी थांबंल." बाहेर अंत्यविधीसाठी आलेली माणसं ताटकळली होती. मी सही केली.

घरी वहिनीनं तो कागद माझ्याकडून वाचून घेतला.

"बरोबर लिव्हलंय का ह्ये?"

"नाही."

"मंग सही कुणाची हाय?"

मी सांगितलं. त्यानंतर ती माझ्याशी धड बोललेली नाही.