भोपळ्याने तपासलेला माइक

माइकसमोर उभं राहून सगळ्यांत कमी बोललेला आणि तरीही सगळ्यांत जास्त लोकांनी ऐकलेला माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात एकच झाला, आणि तो म्हणजे माझे मावसदीर. मखमलाबादला त्यांचा भाजीचा मळा होता आणि मळ्यातल्याच पत्र्याच्या खोलीत कर्णे, ॲम्प्लिफायर आणि वायरींची भेंडोळी. सकाळी गिलकी तोडायची, दुपारी कुणाच्या तरी लग्नाच्या मांडवात कर्णे बांधायचे. जगातले सगळे स्पीकरवाले माइक हातात आला की ‘हॅलो, हॅलो, वन टू थ्री’ करतात. भावोजींना या हॅलोचा मनस्वी तिटकारा होता. ते माइक तोंडाशी धरत, डोळे मिटत आणि धीरगंभीर आवाजात म्हणत, “भोपळा. शेवग्याची शेंग. वांगं.” एवढंच. पुन्हा एकदा, “भोपळा. शेवग्याची शेंग. वांगं.” मग माइक भटजींच्या हातात देऊन बाजूला होत.

यामागे त्यांचं शास्त्र होतं. ‘भ’ म्हणताना तोंडातून वारा सुटतो, तो माइकने निमूट झेलला पाहिजे. ‘शेवग्याची शेंग’ म्हणताना शिट्टी वाजता कामा नये. आणि ‘वांगं’ नाकातून गेलं तरी घुमता कामा नये. “हॅलो काय, कुनीबी झेलतं,” ते म्हणत. “भोपळा झेलून दाखव म्हनावं.” एका लग्नात त्यांनी हे शास्त्र इतकं मन लावून चारपाच वेळा ऐकवलं, की वऱ्हाडाला वाटलं जेवणाचा बेत जाहीर होतोय. पंगतीत नवऱ्या मुलाचे काका शेवग्याच्या आमटीसाठी अडून बसले. मुलीकडच्यांनी हात जोडले तरी ऐकेनात. “स्पीकरवर सांगितलं, आता नाय म्हनता?” असा त्यांचा सवाल. शेवटी भावोजी स्वतः मळ्यात जाऊन शेंगा तोडून आले आणि आचाऱ्याला आमटी करायला लावली. माइकमधून एकदा निघालेला शब्द खरा करावा लागतो, हे त्यांचं मत त्या दिवसापासून जास्तच पक्कं झालं.

अशा माणसाशी माझं खरं काम पडलं ते नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस, शेजारच्या वैशालीमुळे. वैशाली जन्मतः आंधळी. दहावीला बसायचा तिचा हट्ट होता आणि तिची आई एकच म्हणत होती, की या खेपेला नापास झाली तर पुन्हा बसवणं आमच्याच्यानं होणार नाही, घरी बसेल. मी शाळेत मराठी शिकवायची. धडे वाचून आणि कविता चालीवर गाऊन कॅसेट भरून द्यायचं मी कबूल केलं. कविता गाऊनच का, तर वैशालीला त्या चालीशिवाय पाठ होत नसत. पहिली कॅसेट मी घरच्या टेपरेकॉर्डरच्या अंगच्याच माइकवर भरली. दोन दिवसांनी पोरगी संकोचत म्हणाली, “काकू, तुमच्या आवाजात मोटार चालू असते. आणि वरच्या सुराला काहीतरी फाटतं.” टेपची घरघर आणि माझा चिरकलेला सूर तिने नेमका पकडला होता. वर्षभर तिला कानांनीच अभ्यास करायचा, तेव्हा चांगला माइक हवाच होता. माझ्या भिशीचा नंबर नुकताच लागलेला. तेवढ्यात जे बसेल ते घ्यायचं ठरलं.

भावोजींकडे माइकांची चळत होती, पण त्यांनी एकही दिला नाही. “हे मांडवातले हायेत, वहिनी. त्यांना घरात बोलायची सवय नाय.” दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून ते मला मेनरोडवरच्या दुकानात घेऊन गेले. मुलगी पाहायला निघालेल्या माणसाचा गंभीरपणा त्यांच्या चेहऱ्यावर होता.

दुकानदाराने ऐकून घेतलं आणि सांगितलं, “ताई, गाण्याला वेगळा माइक लागतो, बोलण्याला वेगळा. दोन घ्यावे लागतील.”

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं, दुकानदाराकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, “शेट, वहिनींना गळा एकच हाय ना? मंग माइक दोन कशापायी?”

दुकानदाराने गुमान दोन माइक काढले. एक सडपातळ, चकचकीत, मखमलीच्या डबीतला, महाग. दुसरा जाडजूड, जाळीच्या डोक्याचा, आमच्या ऐपतीतला. भावोजींनी दुकानाचं दार सताड उघडायला लावलं, टेप जोडला आणि मला भर दुकानात आधी वाचायला आणि मग गायला लावलं. मी वर्गात तीसतीस वर्षं पोरांपुढे गायला कधी लाजले नाही, पण त्या दिवशी पायरीवर जमलेली गर्दी बघून घाम फुटला. दोन्ही टेप ऐकले. महागड्या माइकात माझा आवाज खरोखर सुरेख आला होता, पण त्याबरोबर रिक्षाचा हॉर्न, भेळवाल्याची हाक आणि दुकानदाराच्या पोटातलं गुरगुरणंसुद्धा आलं होतं. “हा लय चौकस हाय,” भावोजी म्हणाले. “ह्याला इष्टुडिओत ठेवा, बंद खोलीत. आपल्या घरात कुकर हाय, कोंबडा हाय.” जाडजूड माइकात रस्ता जवळजवळ नव्हताच, समोरची मी तेवढी होते. वाचनही स्वच्छ, गाणंही बऱ्यापैकी. भावोजींनी त्यावर तिन्ही भाज्या उच्चारून पाहिल्या. भोपळ्याला तो जरासा फुसकारला. “एवढं चालतंय, त्याचं औषध करू,” म्हणून त्यांनी तोच घ्यायला लावला.

औषध म्हणजे माझी चहाची गाळणी. तिला जुन्या धोतराचं मऊ फडकं बांधून ती माइकपुढे उभी केली आणि पुढचे पाच महिने आम्ही घरात चहा पदराने गाळून प्यायलो. आवाज घुमू नये म्हणून चारी भिंतींना गोधड्या टांगलेल्या खोलीत दुपारी रेकॉर्डिंग चाले. वाचताना माइकपासून चार बोटं आणि गाताना एक वीत, हा त्यांचा नियम. तो मी हमखास विसरायची, म्हणून वरचा सूर येताच ते माझी खुर्चीच मागे ओढत. एका कवितेत त्यांनी ती जरा जोरात ओढली आणि मी गोधड्यांसकट आडवी झाले. वैशाली ती कविता म्हणताना त्या जागी अजून हसते. कुकरची वेळ बदलायला तर ते आळीतल्या प्रत्येक दारात स्वतः जाऊन सांगून आले होते, आणि गंमत म्हणजे बायकांनी ऐकलंही.

एकच भानगड झाली. प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला त्यांची भाजी असायचीच, ती पुसणं त्यांना मंजूर नव्हतं. एके दिवशी वैशालीची आई डोळ्यांत पाणी आणून माझ्याकडे आली. “ताई, पोरीच्या अभ्यासाची सुरुवातच रोज भोपळ्यानं व्हते. परीक्षेत भोपळाच पडायचा ना तिला!” मला हसू आवरेना आणि तिचा तुटणारा जीव बघून हसताही येईना. भावोजींना सांगायचं कसं, या विचाराने मी दोन दिवस काढले. सांगितलं तेव्हा त्यांनी गाळणीचं फडकं सोडून पुन्हा घट्ट बांधलं. वीस वर्षांचा भोपळा होता तो. मग माइकपुढे वाकले आणि म्हणाले, “भाकरी. शेवग्याची शेंग. वांगं.” माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “भ महत्त्वाचा, वहिनी. पोरीपेक्षा भोपळा मोठा हाय का?”

फेब्रुवारीत माझा घसा बसला. डॉक्टरांनी पंधरा दिवस अवाक्षर काढायचं नाही म्हणून बजावलं. परीक्षा तोंडावर आणि इतिहासाचे तीन धडे राहिलेले. वाचायला दुसरं कुणी मिळेना. मी पाटीवर लिहून भावोजींना विचारलं. ते चक्क घाबरले. चौथीतच शाळा सोडून भाजीच्या गाडीवर बसलेला माणूस, त्याला वाचायचं म्हणजे अक्षराखाली बोट ठेवावं लागे. पण नाही म्हणाले नाहीत. “तुमी भाईर बसा, वहिनी,” एवढीच अट घातली. पहिली दुपार तेवढी मी दाराबाहेर बसून ऐकली, नंतर स्वयंपाकघरात जाऊन बसायची. ‘औद्योगिक’ या शब्दाशी त्यांची अर्धी दुपार झटापट चालली होती. औ, द्यो, गिक. पुन्हा औ. तीन धड्यांना आठ दुपारी लागल्या. कॅसेट मला न ऐकवताच त्यांनी वैशालीच्या हातात नेऊन दिली.

वैशाली सेकंड क्लासमध्ये पास झाली. पुढे शिकली, आता एका सरकारी कचेरीत टेलिफोनवर बसते आणि घर चालवते. भावोजी दोन हजार सहाच्या सुमारास गेले. त्यांचे आभार मानायचं माझं राहूनच गेलं. घरच्या माणसाचे कसले आभार, असं तेव्हा वाटलं. आज मात्र वाटतं, एका पोरीचं आयुष्य मार्गी लागलं त्यातला मोठा वाटा त्यांचा आणि त्यांनी निवडलेल्या त्या जाडजूड माइकचा. मी तर नुसती वाचत होते.

त्यांच्या दहाव्याला वैशाली आली होती. तिच्याकडून मला कळलं, की इतिहासाच्या त्या कॅसेटमध्ये प्रत्येक धडा संपला की भावोजी थांबतात आणि विचारतात, “समजलं का गं, बाळ? नाय समजलं तर परत वाचतो.” मग खरोखरच उत्तराची वाट बघत गप्प बसतात. कॅसेटवर कोण उत्तर देणार, हे त्यांच्या लक्षातच आलं नसावं.

“मग तू काय करायचीस?” मी विचारलं.

“मी म्हणायची ना, काकू, दर वेळी म्हणायची, ‘समजलं, काका.’” ती हसत होती आणि गालावरून पाणी वाहत होतं. “पण ते थोडा वेळ थांबायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागायचे.”