मायचं लुगडं पाहणारी बाई

"पोराचं तोंड मंग पाहा. पयले मायचं लुगडं पाहा."

असं म्हणत आमच्या दवाखान्यातली आया तापलेल्या पोराच्या आईसमोर फतकल मारून बसायची. मांडीवर पोरानं ओला केलेला, सुकलेला लुगड्याचा भाग चिमटीत धरून चोळायची, खुशाल नाकाला लावायची. डाग कडक लागला, वास आंबूस आला, की पोराला काखोटीला मारून थेट माझ्या खोलीच्या दारात.

"भाऊ, याचं मूत पाहून द्या."

मला तिचा हेवा वाटायचा. आडपडदा कशाला ठेवू? एकोणीसशे पन्नास-साठच्या दरम्यानचे दिवस. गडचिरोलीच्या पुढे जंगलात सहा खाटांचा दवाखाना. मी नागपूरला वर्षभर शिकून, सूक्ष्मदर्शकावर हात बसवून आलेलो. ती पोंभुर्ण्याकडची, विधवा, अंगठा उठवणारी. आणि डॉक्टर फेरीला निघाले की विचारायचे तिला, "काय बाई, हे पोर कशानं तापलंय?" मी बाजूलाच काचपट्ट्यांचा ट्रे घेऊन उभा. तुम्ही कधी असे उभे राहिला असाल तर पुढचं सांगायला नको.

आमच्याकडे ताप म्हणजे हिवताप. पोर तापलं की रक्ताची काचपट्टी, आणि पट्टीत काही दिसो न दिसो, क्विनाइन. लहान पोराच्या लघवीत पू होतो, त्यानंही ताप येतो, ते वेळेत कळलं नाही तर मूत्रपिंडं खराब होतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. हिला कुठून कळलं?

एकदा विचारलंच. ती लंगोट वाळत घालत होती. हात न थांबवता म्हणाली, "माह्या लेकाच्या वक्ती नाई कळलं, भाऊ. तवापासून पाहून राह्यली."

मला शरम वाटली. हेवा मात्र गेला नाही.

बरं, तान्ह्या पोराची लघवी स्वच्छ बाटलीत धरणं ही काय कटकट असते, ते धरणाऱ्यालाच ठाऊक. मी तास-तास बसायचो आणि पोर नेमकं माझ्या सदऱ्यावर मोकळं व्हायचं. ती पोराला धुऊन-पुसून उभं धरायची, पायावर गार पाणी शिंपडायची, कमरेशी दोन बोटांनी थोपटायची, की झालं काम. वर मलाच म्हणायची, "तुमाले लाजते थे."

एकदा एका गोंड बाईची दीड वर्षाची मुलगी आली. आठ दिवसांचा ताप, क्विनाइननं उतरेना. डॉक्टर सगळ्यांदेखत मला म्हणाले, "बाईंना शंका आहे, लघवी बघा." बाईंना शंका आहे! माझं टाळकंच फिरलं. लघवी नळीत घालून हातयंत्रावर गरगरा फिरवायची आणि तळाला बसलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, अशी रीत. मी फिरवलीच नाही. बघितल्यासारखं केलं आणि चिठ्ठीवर लिहून टाकलं, काही नाही.

दुसऱ्या सकाळी तिनं आणखी एक बाटली आणली.

"ही कुणाची?"

"नवी पोरगी आली, धानोऱ्याकडची."

ही मी नीट फिरवली. गाळात पूच पू. ऐटीत तसं लिहिलं. तिनं दार लोटून घेतलं.

"भाऊ, कालचीच पोरगी हाये हे."

आता ही डॉक्टरांना सांगणार, आणि माझी नोकरी गेली म्हणून समजा. ती डॉक्टरांकडे गेली खरी. मी भिंतीआडून ऐकलं. "काल बाटली माह्या हातून बदलली, साहेब." डॉक्टर तिला वाट्टेल तसं बोलले. मी खुर्चीवरून उठलो नाही. मुलीला लघवीतल्या पूवरच्या सल्फाच्या गोळ्या सुरू झाल्या, चार दिवसांत ताप गेला. आणि खरं सांगतो, मला वाचवलं म्हणूनही मला तिचा रागच आला. चांगुलपणातही हीच पुढे.

दोन वर्षांनी तिला सिरोंच्याच्या दवाखान्यात पाठवलं. तिला बसपर्यंत पोचवायला सगळे गेले. मी काचपट्ट्या पुसत बसलो.

त्याच आठवड्यात फेरीवर डॉक्टर एका तापलेल्या पोरापाशी थांबले आणि माझ्याकडे वळले. "तुम्हाला काय वाटतं हो? कशानं तापलंय?"

किती दिवस या एका प्रश्नाची वाट पाहिली होती मी. छाती फुगली.

"बाई जाताना बजावून गेल्या," डॉक्टर पुढे म्हणाले, "भाऊले इचारत जा, त्याचा हात चांगला हाये."

माझ्या तोंडून भलतंच निघालं. "साहेब, त्या गोंड बाईच्या पोरीच्या वेळी बाटली बदलली नव्हती. मी बघितलंच नव्हतं."

डॉक्टर म्हणाले, "आधी या पोराची लघवी घ्या," आणि पुढच्या खाटेकडे गेले. त्यांना सांगून झालं होतं. माफी मागायला हवी होती तिची, आणि ती तर सिरोंच्याला गेलेली.