सुक्या बोंबलासारखा

रेवदंड्याच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घातले की तो वास थेट घरात येतो. आज तो आला तेव्हा माझ्यासमोर वर्तमानपत्र होतं, आणि आमच्या गावात चित्रित झालेल्या एका जुन्या सिनेमाला त्यात ‘अभिजात’ म्हटलं होतं.

त्या सिनेमात माझ्या आत्याने काम केलं होतं, कोळणीचंच. तो लागला त्या आठवड्यात दिग्दर्शक आमच्या अंगणात बसले होते. घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, म्हणून याच वर्तमानपत्रातलं परीक्षण मोठ्याने वाचायला मला सांगितलं. समीक्षकाने लिहिलं होतं, ‘हा चित्रपट सुक्या बोंबलासारखा आहे.’ पुढचं न वाचता मी पेपर मिटला.

काठीवर बोंबील अडकवणारी आत्या मात्र खुलली. “मंग चांगलाच बोललाय की, सायेब! वल्ला बोंबील सांजपरेंत टिकत न्हाय. सुका वरीसभर जातो.”

दिग्दर्शक डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. “आत्या, परीक्षण तुम्हीच लिहायला हवं होतं.” मला हायसं वाटलं. ते पाणी हसण्याचं नव्हतं, हे आता कळतं. सिनेमा लगेच उतरला आणि त्यांनी पुन्हा दुसरा केला नाही.

बातमीच्या शेवटी लिहिलंय, की त्याची एकही प्रत उरलेली नाही. गोदामातल्या ओलीने सगळी रिळं कुजली. आत्या जाऊन बरीच वर्षं झाली. तिचा एक फोटोही आमच्याकडे नाही. हसणारी आत्या फक्त त्या रिळांत होती.