मोरीवरचा दगड

किसनभाऊ गेल्याचं कळलं तेव्हा मी दवाखान्यात सुया उकळायला ठेवत होते. निरोप घेऊन आलेला टेम्पोवाला दारातूनच म्हणाला, "तुमचा कंपाउंडर गेला, सिस्टर. दारूनं खाल्लं त्याला." त्याच्या अंगावर ओरडायला हवं होतं मी. मी फक्त स्टोव्ह बारीक केला...

कोल्हारच्या त्या छोट्या दवाखान्यात आम्ही अकरा वर्षं बरोबर काम केलं. सुया तेव्हा पुन्हा पुन्हा वापरायच्या. बोथट झाल्या की किसनभाऊ मोरीपाशी बसून दगडावर त्यांना धार लावायचे आणि टोक आलं की नाही ते स्वतःच्या अंगठ्यावर टोचून बघायचे. आधी धार, मग उकळणं. पेशंटला स्वच्छ सुई मिळावी म्हणून हा क्रम. धार लावणाऱ्याच्या हाताचा विचार आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आला नाही. म्हाताऱ्या बाया हटून बसायच्या, "किसनभाऊची सुई द्या, ती लागत न्हाई." मग स्वारी खूश! "सिस्टर, ह्यो अंगठा हाय तवर कुनाला दुखायचं न्हाई." मी म्हणायचे, "अंगठा कसला, चाळण झालीय त्याची." आणि दोघंही हसायचो. त्या हसण्याची आता लाज वाटते.

एकदा मी नगरला प्रशिक्षणाला गेले. तिथे सांगितलं, रक्तातले आजार शेजारी बसून, एका ताटात जेवून होत नाहीत. टोचलेल्या सुईनं होतात. परत आल्या आल्या आमच्या डॉक्टरांकडे हातमोजे मागितले. "ते बाळंतपणाला. सुयांना कशाला?" संपला विषय. किसनभाऊंना सांगितलं तर म्हणाले, "माझं रगत लई कडू हाय, काय हुत न्हाई." मी पुन्हा काही बोलले नाही, आणि बोथट सुयांचा ट्रे रोज त्यांच्यापुढे सरकवत राहिले.

मग डोळे पिवळे झाले. तपासणीत पांढरी कावीळ निघाली, रक्तातून होणारी. पोटात पाणी झालं. गावानं परस्पर निकाल लावून टाकला, पीत असणार! बशीत चहा फुंकून पिणारा माणूस तो, दारूच्या वासानंही त्याला मळमळायचं. शेवटी शेवटी हॉटेलवाल्यानं त्यांचा कप वेगळा ठेवला. त्या कपानं कुणाचं काहीच बिघडणार नव्हतं.

पुण्यानुमोदनाच्या, त्यांच्या स्मरणाच्या कार्यक्रमाच्या दिवशी त्यांच्या बायकोनं, कमलताईनं, मला हाताला धरून चुलीपाशी नेलं.

"सिस्टरबाई, खरं सांगा. चोरून पीत हुते का वो? पोरीला बघायला येनारे बी हेच इचारत्यात."

"नाही हो."

"मग कशानं गेले?"

बाहेरच्या खोलीत डॉक्टर बसले होते. मला नोकरी दिसली. "नशीब, दुसरं काय," मी म्हणाले. कमलताईंना ते पटलं नव्हतं.

म्हणून हे लिहिते आहे. कमलताई, ते पीत नव्हते. आमच्या सुयांनी गेले ते. आणि मला ते माहीत होतं.

हे पेपरात छापून आलं की तो कागद तुमच्याकडे घेऊन येईन, पोरीला बघायला येणाऱ्यांना दाखवा. बरोबर त्यांचा दगडही आणीन. आता एकदाच वापरायच्या सुया येतात, दगड नुसताच मोरीवर पडून होता, मधोमध झिजून खोलगट झालेला. काल तो धुवायला घेतला. उचलण्याआधी, सवयीनं, मी हातमोजे घातले. आता हातमोज्यांचा डबा मोरीवरच असतो.