हजार गेमची कॅसेट

माझी जीभ तिखट, हे अख्ख्या माजलगावला ठाऊक आहे. माहेर धारूरचं, डोंगराकडचं. तिथं हळू बोलणाऱ्याचं कुणाला ऐकूच येत नाही. म्हणून बीडच्या त्या दुकानात मी बोलले, आमचे हे गप्प बसले, आणि पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

त्या वर्षांत बाजारात रोज काहीतरी नवं यायचं. आमच्याकडं रंगीत टीव्ही आला आणि सहा महिन्यांत ह्यांच्या डोक्यात व्हिडिओ गेम शिरला. पोरगं पाळण्यात, अन् खेळणं बापाला! मी म्हटलं, घ्या बाई एकदाचं.

दुकानदारानं मशीन दिलं आणि दोन कॅसेटी पुढं ठेवल्या. एक कंपनीची, खोक्यातली, सोबत पुस्तिका, पण आत गेम एकच. दुसरी पिवळी, वर मोठ्या अक्षरात 'हजार गेम'. तिला खोकं नाही, बिलही नाही. ह्यांचा हात पहिलीकडं गेला. "खोक्यातली बरी वाटती," म्हणाले. मी उसळलेच. "एका लुगड्याच्या पैशात हजार लुगडी मिळायलीत, तर एक कावून घ्यायचं?"

दुकानदार हसला. का हसला ते मला फार उशिरा कळलं. आम्ही कापडवाले. गिऱ्हाइकाला रोज सांगतो, कापड उलटं करून बघा, पुढून सगळंच छान दिसतं. आणि मी ती कॅसेट साधी हातात घेऊनही बघितली नाही.

घरी आल्यावर आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, विभूती आणली. आम्ही लिंगायत. नवी वस्तू घरात आली की तिच्यावर तीन बोटांचे पट्टे ओढल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. आणि ते ओढायचे आत्याबाईंनीच. मामंजी गेल्यापासून त्यांना हळदीकुंकवाला कुणी बोलवत नव्हतं. ओटी भरताना, नवरीला ओवाळताना त्या आपसूक मागं सरकायच्या. विभूतीला मात्र कुणाची आडकाठी नव्हती. तेवढा एक मान उरलेला, आणि तो त्या लई जपायच्या. त्यांनी मशीनला पट्टे ओढले, कॅसेटलाही ओढले आणि वर चिमूटभर उधळली.

ह्यांची हौस पंधरा दिवसांत फिटली. मग आत्याबाई न्हाणीत घसरल्या आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी बोटं वळेनात. डॉक्टर म्हणाले, बोटं हलवत राहा. मी थट्टेनं गेमचं वायरवालं बटण त्यांच्या हातात दिलं आणि बाई अडकली ती अडकलीच!

त्यांचा गेम एकच. एक बुटका माणूस डोक्यावर गाठोडं घेऊन चालायचा. वाटेत खड्डे, विंचू, वरून पडणारे दगड. एक गाव संपलं की दुसरं. सुरुवातीलाच त्याचं घर दाखवायचे, दारात दिवा लावलेला. तिथं त्याला पोचवायचं.

"ह्यो तर तुजा मामंजीच गं," आत्याबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या. मामंजी असेच डोक्यावर कापडाचं गाठोडं घेऊन तेलगाव-धारूरचे बाजार करायचे. दुकान नंतर झालं. "पायाला फोड घेऊन यायचे, पर बोलायचे न्हाईत."

मग रोज दुपारी, भांडी झाली की खेळ सुरू. "सरक बाबा, सरक! इच्चू हाय म्होरं!" शेजारणी ऐकून हसायच्या. मी पाळणा हलवत बघत बसायचे. घरात इतका आनंद मी तोवर पाहिला नव्हता. बोटंही सुटली.

महिन्याभरात त्यांनी चार गावं पार केली. पाचव्या गावात माणसानं पाय ठेवला आणि पडदाभर आकड्यांची खिचडी झाली. मशीन ठप्प. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

आम्ही दोघी बीडला गेलो. दुकानदारानं कॅसेट उलटी करून टेबलावर आपटली. बारीक राख पडली. "मावशी, हे काय केलंत? राख भरलीय हिच्यात. बिघडणारच की! ह्याला आता गॅरंटी नाही."

आत्याबाईंनी पदर डोक्यावर ओढला. येताना एसटीत त्या एवढंच बोलल्या, "माज्याच हातानं झालं."

मला पटलं नाही. मी माजलगावात टीव्ही दुरुस्तीवाल्याकडं गेले, एकटीच. त्यानं स्क्रू काढले, फुंकर मारली, ब्रशनं साफ केलं, लावून बघितलं. पुन्हा खिचडी. "वैनी, राखेचा काय संबंध न्हाई. डुप्लिकेट माल हाय ह्यो. गेम अर्धाच भरलाय. हजार कसले, धा-बारा हायत, तेच ते फिरवून नावं लिवलीत. ह्याच्यात पाचवं गाव न्हाईच."

आता इथं मी सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर कॅसेट कुणी निवडली हे निघालं असतं, आणि हे म्हणाले असते, "मी म्हणलो व्हतो." ते ऐकून घेण्याची माझी तयारी नव्हती. घरी येऊन म्हटलं, दुरुस्त होत नाही म्हणतो. लाज वाटते आज, पण तेव्हा गप्प बसणं सोपं गेलं. जन्मात एकदा गप्प बसले, तेही नको तिथं.

दसऱ्याला माझ्यासाठी शिलाई मशीन आलं. मी ताट केलं, विभूतीची डबी ठेवली, हाक मारली. आत्याबाई दारातच उभ्या. दोन्ही हात पदराखाली.

"तूच लाव बाई. माजा हात लागला की बिगडतंय."

हळदीकुंकवाला मागं सरकायच्या, अगदी तसंच एक पाऊल त्या मागं सरकल्या. मी रडत-रडतच सगळं ओकले, ह्यांच्या देखत. पिवळी कॅसेट मीच निवडली, ती खोटी आहे, दुरुस्तीवाल्यानं सांगितलंय, विभूतीचा काही दोष नाही, आणि हे मला दोन महिने ठाऊक होतं.

ज्याला इतकी भ्याले होते ते वाक्य ह्यांच्या तोंडून आलंच नाही.

आत्याबाई मात्र पेटल्या. "दोन महिने? अगं, माज्या इभूतीवर आळ, अन् तू भाकरी थापत बसलीस? कापडवाल्याची सून, अन् उलटं करून बघितलं न्हाईस?" पुढं आल्या, डबी उघडली आणि आधी माझ्याच कपाळावर तीन पट्टे ओढले, चांगले दाबून. "पयले तुलाच पायजे हे." मग मशीनला लावलं. त्यावर आजही मी पोलकी शिवते, एकदाही दोरा तुटत नाही.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, "मंग तो गाठोडंवाला घरी पोचायचाच न्हाई का गं?"

"नाही, आत्याबाई. सुरुवातीचं चित्र तेवढं आहे, घर आतच नाही."

त्यांनी उठून कॅसेट लावली, तिच्यावर बोटभर विभूती ओढून. एक गाव, दोन, तीन, चार. चौथ्या गावाच्या शेवटी एक कडुलिंबाचं झाड होतं. माणसाला त्याच्या सावलीत नेऊन उभं केलं आणि बटण खाली ठेवलं.

"बस बाबा हितं. लई चाललास," म्हणाल्या, आणि स्वतः जाऊन स्विच बंद केला.