अक्षरांमधली फुंकर

काका कॉम्प्युटरचं एक बटण दाबायचे, बोटावर फुंकर मारायचे, मगच दुसरं दाबायचे. फू! कापसातली सरकी काढायच्या जिनिंगच्या गेटवर सारा जन्म गेला. बोटाला कापूस चिकटलेला असो-नसो, फुंकर ठरलेली.

खामगावच्या त्या जिनिंगमध्ये कापसाची गाडी आली की तिचं गाव काका कॉम्प्युटरवर यादीतून निवडायचे. यादीचं ते स्क्रीनवरचं पान मी बनवलेलं, माझं पहिलंच काम. अन् काकांची नक्कल करून अख्खं ऑफिस हसवायचो ते वेगळंच. तुम्हीही हसला असता, खोटं कशाला बोलू!

पण यादी लांबच लांब. काका माउसनं खाली खाली जायचे, गाव निसटायचं, मागं गाड्यांची रांग. एक दिवस मालक गेटवर आले.

"काका, उद्या अशीच लाइन लागली तर या खुर्चीवर दुसरा माणूस बसवतो."

मी बाजूलाच उभा. काकांनी माझ्या पानाकडं बोट दाखवलं असतं तर माझं काम गेलं असतं. ते म्हणाले, "पोराचं काम बराबर हाये साहेब. माहाच हात धीमा हाये."

त्या दिवशी मी ऑफिसात नक्कल केली नाही.

मालक गेल्यावर काका म्हणाले, "दोन-तीन अक्षरं दाबली का गाव समोर आलं पायजे. जमते का बे तुले?"

"हाव, जमते ना!"

संध्याकाळपर्यंत केलं. काकांनी व दाबला. फू! ड दाबला. फू! न दाबला.

"काऊन बे, वडनेरले निघालो होतो. तू तं मले डोणगाव दाखवून नांदुऱ्यात उतरवून देलं!"

पान पुढच्या अक्षराची अर्धा सेकंदच वाट पाहायचं. काकांची फुंकर संपेपर्यंत आधीचं अक्षर विसरून जायचं.

"काका, फुंकर सोडा ना."

"ते नाही सुटत लेका. तुह्या पानाले सांग, जरा दम खाय."

मग मोबाइलचं घड्याळ लावून मी त्यांची फुंकर मोजली अन् पानाला दोन सेकंद थांबायला शिकवलं. व, फू, ड, फू, न. वडनेर भोलजी हजर!

दुसऱ्या दिवशी मालक आले, रांग शोधली, सापडली नाही. चहा पिऊन गेले.

यंदा काका लेकीकडं जळगाव जामोदला राहायला गेले. खुर्चीवर आता एक ताई बसते. तिची दहाही बोटं पळतात.

"दादा, अक्षर चुकलं का पान ते विसरेपर्यंत दोन सेकंद वाट पाहा लागते. कमी करून द्या ना."

"हाव, करतो," म्हणतो. चार महिने झाले, नुसता म्हणतच राह्यलो.

परवा तिच्यासमोर मीच व दाबला, बोटावर फुंकर मारली, ड दाबला. ती खूप हसली. नक्कल कोणाची, ते तिला कुठं माहीत?