तिसऱ्यांदा विचारण्याआधी

कंपनीत फुकटचे समोसे आले की आधी सावध व्हायचं. हिंगण्याच्या कारखान्यात पॅकिंगला लागल्यापासून मी एवढं तरी शिकले आहे. त्या दिवशी समोशांसोबत चहाही होता, आणि जेवणाच्या हॉलमध्ये पडद्यावर मोठ्या अक्षरांत ‘इतिहासातून नेतृत्व’ असं झळकत होतं.

शेजारी बसलेली बाई माझ्याहून जुनी. कानाशी लागून म्हणाली, “एवढं खाऊ घालून राहिले वं, काहीतरी गेलं समज आपलं.”

बोलायला आलेले सर पुण्याकडचे होते आणि फार गोड बोलत होते. किल्ले झाले, हातमाग झाला, मग गाडी भिक्खू संघावर आली. संघात ठराव मांडला की तीनदा विचारत, असं त्यांनी सांगितलं. मान्य असेल त्याने गप्प राहायचं, नसेल त्याने बोलायचं.

हे तर आमच्या विहारातलं. नवी चटई घ्यायची असली तरी माझे बाबा तिथे असंच विचारायचे. मध्ये थांबायचे, एकेकाच्या तोंडाकडे बघायचे. तिसरी खेप भित्र्यांसाठी असते, म्हणायचे. आपली गोष्ट परक्याच्या तोंडून ऐकून खरं तर मला बरं वाटायला हवं होतं. पण या माणसाला आमच्या घरातलं आज काय हवं आहे, एवढंच डोक्यात येत राहिलं.

ते लवकरच कळलं. मॅनेजरसाहेब उठले आणि म्हणाले, याच पद्धतीने आपणही एक नवा प्रयोग करू या. दुसऱ्या पाळीची बस बंद, त्याऐवजी प्रत्येकीला प्रवासभत्ता.

“मान्य आहे?”

दुसरी पाळी सुटते तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नसतं. माझं घर सक्करदऱ्याला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. घरात गाडी एकच, ती नवऱ्यासोबत खापरखेड्याला कामावर जाते. बस गेली की माझी नोकरी गेली. हे सगळं कळत होतं, तरी मी समोशाचा तुकडा मोडत बसले.

“मान्य आहे?” त्यांनी लगेच पुन्हा विचारलं. विचारताना बघत होते पडद्याकडे, आमच्याकडे नाही. तेव्हा मात्र माझं डोकं सणकलं. आमच्याच विहारातली रीत आणून आमचीच तोंडं बंद करत होते. तिसऱ्यांदा विचारायच्या आत मी उभी राहिले.

शेजारणीने माझा एप्रन ओढला. “बस वं, बस.”

“बससाठीच उभी राहिली मी,” तिला म्हटलं. मग मी मोठ्याने म्हणाले, “मले मंजूर नाही. मी बोलून राहिली, म्हणजे ठराव पडला ना, सर?”

सर मॅनेजरसाहेबांकडे बघू लागले. साहेब हसले. “अहो ताई, ते नुसतं उदाहरण होतं.”

“मग बसही उदाहरणापुरतीच बंद करा, साहेब.”

मागून कुणीतरी खुदकन हसलं. मग दुसरीकडून आवाज आला, “मलेही मंजूर नाही.” शेजारणीने एप्रन सोडला आणि तीही उठली.

बस अजून चालू आहे. त्यानंतर आम्हाला कशाबद्दलच कुणी एकदाही विचारलेलं नाही. परवा पुन्हा समोसे आले. पडदा नव्हता, सर नव्हते. मी समोसा तसाच ठेवला आणि आधी फाटकापर्यंत जाऊन बस उभी आहे का ते बघून आले.